तीन अक्षरांचे दीर्घ पत्र

परमप्रिय सुहृद हरिश्चंद्र यास,

दिवंगतांस पत्र लिहिण्याचा प्रघात मला तत्त्वतः मान्य नाही. उत्तराची शक्यता नसताना प्रश्न विचारणे केवळ शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनाच शोभते, असे तूच एकदा म्हणाला होतास. तरीही आज लेखणी उचलली आहे, कारण सकाळी तुझ्या घरून निरोप आला. वहिनींनी टोकावड्याच्या जीपवाल्याकरवी सांगून पाठवले आहे, की लेकीचे, मयुरीचे पत्र आले आहे, भावजींना वाचायला बोलवा.

ते पत्र किती अक्षरांचे असेल, हे मी इथे बसल्या बसल्या सांगू शकतो. तूही सांगू शकशील. हा उद्योग तूच आरंभलास, आणि मला एका शब्दाने न विचारता माझ्या माथी मारून निघून गेलास! म्हणून मुरबाडच्या एसटी स्थानकावर, या मोडक्या बाकावर, गाडी लागेपर्यंत तुझ्याकडून काही गोष्टींचा खुलासा करून घेण्याचे योजिले आहे. वेळ भरपूर आहे. गाडी नेहमीप्रमाणे येण्याच्या बेतात आहे.

प्रथम माझे क्षेमकुशल. मला काहीही होत नाही. हे वाक्य शब्दशः घ्यावे.

तू गेल्यापासून मी वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि नववीच्या वर्गापुढे 'देव' शब्द सर्व विभक्त्यांत निर्दोष चालवून दाखवतो. अश्रूंनी असहकार पुकारला आहे. स्मशानात सारे रडत होते आणि मी लाकडे सरळ रचली आहेत ना, एवढेच पाहत होतो. दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो. त्यानंतर आपलाच गाल हाताला परका लागतो, तसा मी मला लागतो. ही उपमा माझ्या नेहमीच्या दर्जाची नाही, याची मला जाणीव आहे. दर्जाचेही काही वाटेनासे झाले आहे.

दहाव्याचा प्रसंग मात्र तुझ्या कानी घातलाच पाहिजे. पंचक्रोशीतले कोणतेही स्नेहसंमेलन असो, क्रिकेटचे सामने असोत, की पाण्याच्या टाकीचे लोकार्पण, आभारप्रदर्शन माझ्याकडे असते, हे तुला विदित आहेच. नदीवर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणे झाली. तू हयात असताना ज्यांनी तुला कधी चहा पाजला नाही, तेही गहिवरले. भाषणे संपली आणि सूत्रसंचालकाने सवयीने माझे नाव पुकारले. मीही सवयीने उठलो.

ध्वनिक्षेपक हाती आला, की माझी जिव्हा माझी राहत नाही. मंडपवाल्याचे आभार मानले. ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले. वेळात वेळ काढून आलेल्या मान्यवरांचे मानले. आणि अखेरीस, हरिश्चंद्र, मी म्हणालो, "यापुढेही अशाच कार्यक्रमांना आपण बहुसंख्येने उपस्थित राहाल, अशी आशा व्यक्त करतो."

कोणीही हसले नाही. तेच मला फार लागले. दोघांतिघांनी तर टाळ्या वाजवल्या. तू असतास तर हसता हसता नदीत पडला असतास. तोवर पिंडाकडे एकही कावळा फिरकला नव्हता. माझे भाषण आटोपताच एक तत्काळ उतरला. तो तू होतास काय? निदान हसण्यापुरता आला होतास?

आपल्याकडे दुःखाच्या घरी आभार मानत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळते. खांदा देणाऱ्याचे कोणी आभार मानत नाही. पहिल्या संध्याकाळी चूल बंद असलेल्या घरी कडू घास म्हणून पिठले-भाकरी आणणाऱ्या शेजारणीला धन्यवाद म्हटले, तर ती आपल्याला परके केले समजून रुसून बसेल. निघताना 'येतो' एवढेही म्हणायचे नसते. उठायचे आणि चालू लागायचे. आणि अशा ठिकाणी मी, संस्कृताचा अध्यापक, मंडपवाल्याचे आभार मानून आलो.

आभार या विषयावर तुझा, इंग्रजीच्या अध्यापकाचा, केवढा अधिकार! शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले, की तुझे व्याख्यान सुरू व्हायचे. साहेबाचे राज्य कसे खालावत गेले, हे पाहायचे असेल तर तो आभार कसे मानतो ते पाहा, हा तुझा सिद्धांत. तू सांगायचास, की पूर्वीच्या साहेबाच्या पत्रात वर बदलीचा हुकूम असायचा आणि खाली सही करताना मात्र, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक होण्याचा बहुमान मला लाभला आहे, असे. मग ते 'मच ऑब्लाइज्ड' आले, म्हणजे आपल्या उपकारांनी मी बांधला गेलो. मग अर्जाच्या तळाशी 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' आले. काम होण्याआधीच मानलेले आभार, ही तुझ्या मते एक सभ्य धमकी होती.

पुढची घसरगुंडी तू बोटांवर दाखवायचास. पूर्वी 'आय थँक यू' होते. त्यातला 'मी' गळाला, राहिले 'थँक यू'. मग 'तू' गळाला, राहिले 'थँक्स'. कोणी मानले, कोणाचे मानले, पत्ता नाही. आणि आता ह्या नव्या पोरांनी त्यातले स्वरही काढून घेतले, टी-एच-एक्स. उद्या नुसता खोकला पाठवतील, असे तू म्हणालास आणि सारी खोली हसली. सर्वांत मोठ्याने मी हसलो. मयुरी तेव्हा आपल्याच शाळेत होती. तुझी ही व्याख्याने तिने घरी किती वेळा ऐकली असतील!

एकदाच तू गंभीर झाला होतास. 'थँक' आणि 'थिंक' ही इंग्रजीत सख्खी भावंडे आहेत, म्हणालास. आभार मानणे म्हणजे मुळात एखादी गोष्ट मनात धरणे. मी तत्परतेने आमच्या 'कृतज्ञ' शब्दाची व्युत्पत्ती पुढे सरकवली: केलेले जाणतो तो. तू भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवलास आणि म्हणालास, "म्हणजे जाणलं की झालं, काशिनाथ. बोलून दाखवायची सक्ती मागाहून आली." मला वाटले, हाही विनोदच. मी हसलो. तू हसला नाहीस, हे मला आत्ता या बाकावर आठवते आहे.

असो. कार्य उरकले, पाहुणे पांगले. तुझा भ्रमणध्वनी वहिनींनी माझ्या हाती ठेवला. तुझ्या विद्यार्थ्यांचे शोकसंदेश त्यावर येत होते आणि बहुतेक इंग्रजीत होते. वहिनींची शाळा डोळखांबाकडच्या पाड्यावर चौथीत संपली आणि इंग्रजी पाचवीला लागायचे. त्यामुळे त्या लिपीशी त्यांचे बोलणे नाही. "पोरं काय काय लिवतात, वाचून दावा," त्या म्हणाल्या.

मी वाचू लागलो आणि तुझा सिद्धांत माझ्यापुढे वयाच्या अनुक्रमाने उभा राहिला. तुझ्या पहिल्या तुकडीतला, आता केस पांढरे झालेला एक जण लिहितो, की मान्यवर गुरुवर्य, मी आपला आजन्म ऋणाईत राहीन; तू पाठ करून घेतलेल्या नमुना-पत्रातले ते वाक्य त्याने स्वल्पविरामासह जपले होते. मधल्या तुकड्या, थँक यू सर फॉर एव्हरीथिंग. त्यानंतरच्या, थँक्स सर. मग नुसती व्यंजने. आणि गेल्या वर्षी दहावी झालेल्यांनी शब्दांचा सपशेल त्याग करून केवळ जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले होते. त्या चित्रांपाशी मी थबकलो, तर वहिनी म्हणाल्या, "ह्ये नका वाचू. ह्ये मला कळलं."

तुझ्या व्याख्यानात हा मुद्दा नव्हता, हरिश्चंद्र.

मयुरी बेंगळुरूहून आली ती पडवीतल्या खांबाला टेकून बसली होती. कोणी बोलले तर उत्तर द्यायची, ताट पुढे आले तर चिवडायची. मला वाटले, हीही माझ्याच पंथाची. दहाव्यानंतर मी मागच्या दारी हात धुवत होतो, तेव्हा ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"काका, बाबांशी माझा शेवटचा शब्द काय झाला, माहितीये?"

मग तिने सांगितले. तू गावच्या एका मुलाबरोबर तिला नवा तांदूळ आणि नाचणीचे पापड पाठवले होतेस. पिशवी मिळाली तेव्हा ती कचेरीच्या कामात होती. पिशवीचे छायाचित्र काढले, खाली टी-एच-एक्स लिहिले आणि पाठवून दिले. रविवारी निवांत फोन करू, असे तिने ठरवले होते. तू रविवारपर्यंत थांबला नाहीस.

"पूर्ण थँक यू पण नाही लिहिलं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं हसायचात ना असल्या मेसेजना? मला माहितीये ते उद्या खोकला पाठवतील वालं. बाबा मला पण हसले असतील. की वाईट वाटलं असेल? तुम्हाला काही बोलले का?"

आणि मला ठाऊक नव्हते! सारे मुरबाड ज्याच्याकडून आभार मानून घेते, त्या माझ्यापाशी त्या मुलीला द्यायला एक वाक्य नव्हते. तू मला काहीच बोलला नव्हतास. जेवून घे, असे काहीसे मी पुटपुटलो. ती जेवली नाही. पुन्हा जाऊन त्या खांबाला टेकली.

तुझा राग आला मला. म्हणजे यायला हवा होता, अशी नोंद मी मनाशी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या घरी आम्ही तिघेच होतो. वहिनींनी भ्रमणध्वनी पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "सगळ्यांची वाचलीत. आता मयुरीचं वाचा. ते शेवटचं. ह्यांनी वाचून दावलं व्हतं, पन मला परत ऐकायचंय. मोठं हाय, नीट बसा."

खांबापाशी मयुरीची मान वर झाली.

मी उघडून पाहिले. तांदळाच्या पिशवीचे छायाचित्र. त्याखाली ती तीन अक्षरे. त्याखाली काही नाही.

मी सावधपणे विचारले, हरिश्चंद्राने हे कुठे वाचून दाखवले होते? वहिनी म्हणाल्या, ओट्यावर. चष्मा लावून. पोरीचे पत्र आले, बस, असे म्हणालास आणि सावकाश वाचून दाखवलेस. दर वेळी असेच वाचायचास. पोर लिहिते मोठे, म्हणाल्या. फोनवर काय, घाईत असते, पण लिहिते मोठे.

हरिश्चंद्रा! किती वर्षे चालला होता हा प्रकार? शाळेत बसून त्या तीन अक्षरांची टवाळी करायची आणि घरी ओट्यावर बसून त्यांचेच दीर्घ पत्र वाचायचे?

मयुरी माझ्याकडे पाहत होती. वहिनी वाट पाहत होत्या. मी खाकरलो, भ्रमणध्वनी डोळ्यांपुढे धरला आणि आरंभ केला, "तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांचे चरणी बालके मयुरीचा कृतानेक साष्टांग नमस्कार..."

"असं नव्हतं," वहिनींनी मला तिथेच तोडले. "तुमी तुमचं संस्कृत घालू नका. माझी पोर असं बोलत नाय. बाबा, तांदूळ पोचला, असं सुरू व्हतं."

"बाबा, तांदूळ पोचला," मी वाचले.

"फुडं?"

"इथे अक्षर जरा पुसट आहे, वहिनी."

"पिशवी उघडली नि खोलीत घरचा वास सुटला," वहिनी म्हणाल्या. "संगतीच्या पोरी विचारतात, कसला गो वास?"

मी त्यांच्यामागून तेच वाक्य वाचले. हीच पद्धत मग रुळली. त्या आठवायच्या, मी पडद्यावर बोट सरकवून वाचायचो. पापड एकही मोडला नाही. आईने जुन्या लुगड्यात गुंडाळले होते ते कळले. लुगडे ठेवून घेतले आहे, परत पाठवणार नाही. आईला डोंगराकडे लाकडाला पाठवू नका, तिचा गुडघा दुखतो. ती सांगत नाही, पण मला कळते. तेल लावते का, विचारा.

इथे वहिनी थांबल्या आणि मयुरीकडे वळून म्हणाल्या, लावते गो मी तेल. तेव्हा पण ह्यांना तेच सांगितले, कळव तिला, म्हणून.

मयुरीने मान हलवली. तिच्या मांडीवर लुगडे नव्हते, पण तिचा हात कशाची तरी घडी घालत होता.

"मग शेवटाला एक व्हतं," वहिनी म्हणाल्या. "ते मला नीट आठवत नाय. ते तुमी वाचा."

शेवटी काय असेल, हरिश्चंद्र? माझ्यापाशी समारोपांची केवढी भांडारे आहेत, तुला माहीत आहे. एकही उपयोगाचे नव्हते. मी पडद्याकडे पाहत राहिलो. ती तीन अक्षरे माझ्याकडे पाहत राहिली.

तेव्हा खांबापासून मयुरी हलक्या आवाजात म्हणाली, "आत्ता घाईत आहे. रविवारी फोन करते."

"हां," वहिनी म्हणाल्या. "तेच. तवा ह्यांनी चष्मा काढला नि बोलले, रविवारी कुठं जायचं नाय आता. घरीच थांबायला पायजे."

मयुरीने तोंडाला हात लावला. वहिनी उठून तिच्यापाशी जाऊन बसल्या आणि तिला रडू दिले. मी कौलांकडे पाहत बसलो. मला काही झाले नाही. तिसऱ्या ओळीतले एक कौल सरकले आहे, पावसाळ्याआधी बसवून घ्यायला हवे, एवढे माझ्या ध्यानात आले.

निघताना मी काही म्हणालो नाही, म्हणायचे नसते. उठलो, वहाणा घातल्या. ओट्याच्या पायरीशी वहिनींनी मात्र थांबवले. त्यांच्या हातात तो भ्रमणध्वनी होता आणि पडद्यावर तीच पिशवी.

"भावजी, एवढ्याशा रेघेत एवढं सगळं मावतं?"

"इंग्रजी फार आटोपशीर भाषा आहे, वहिनी."

"ह्ये पन असंच बोलले व्हते," त्या म्हणाल्या, आणि भ्रमणध्वनी पदराखाली घेऊन आत गेल्या.

आता तूच सांग, वहिनींना ठाऊक आहे की नाही? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही ठरवता आले नाही. तुला तरी इतक्या वर्षांत ते ठरवता आले होते काय? आणि हे सारे माझ्यापासून का लपवलेस? मी हसेन म्हणून? हसलो असतो. ते खरे आहे.

मयुरी परत गेली त्या दिवशी मी तिला सोडायला आलो होतो. यापुढे आईला पूर्ण लिहीत जा, मराठीत लिही, त्या स्वतः वाचतील, असा प्रौढ सल्ला मी तिला दिला. ती म्हणाली, मराठीत लिहीनच. "पण ते तीन अक्षरांचं पण पाठवत जाईन, काका. आईला ते वाचून घ्यायला आवडतं. आणि तुम्ही घरी याल ना त्या निमित्ताने." मुलगी तुझीच आहे, यात संशय नाही. मला कामाला लावून गाडीत बसली.

तर आज ते आले आहे, आणि मी निघालो आहे.

तुझा तो क्रम मी सकाळपासून घोळवतो आहे. आधी 'मी' गळतो, मग 'तू'. आपल्या बाबतीत तो उलटा लागू झाला. तू गळालास आणि 'मी' शिल्लक आहे. त्याचे काय करावे, हे मला कळत नव्हते. आता निदान वाचनाला तरी तो उपयोगी पडेल.

तुझे आभार मात्र मी मानणार नाही. दुःखाच्या घरी मानत नाहीत, आणि सध्या मीच ते घर आहे. तू केलेस ते जाणतो. जाणले की झाले, असे तूच म्हणाला होतास ना? तेव्हा मी हसलो होतो, ते हसू मागे घेतो.

आणि वचन देतो. मयुरीची तीन अक्षरे जेव्हा जेव्हा येतील, तेव्हा टोकावड्याची गाडी पकडून मी तुझ्या ओट्यावर येईन. चष्मा लावून सावकाश वाचीन. तीर्थस्वरूप म्हणणार नाही, कृतानेक म्हणणार नाही. गुडघ्याचे विचारायला विसरणार नाही. शेवट आठवला नाही, तर वहिनींना विचारीन. आणि ते सरकलेले कौलही आज बसवून घेईन.

गाडी लागली आहे. वाहक माझ्याकडे पाहून घंटीला हात घालतो आहे. 'येतो' म्हणत नाही.

एकही अक्षर न गाळता,
तुझा
काशिनाथ